पाडव्याचा नारळ आणि कोरडं लायनिंग

नारळ एका फटक्यात फुटला. सगळ्यांनी हात जोडले. मी मात्र पाण्याकडे बघत होतो. ते भट्टीच्या काठावरून घरंगळलं आणि आतल्या पांढऱ्या भुकटीत जिरून गेलं. तिथं तळहाताएवढा काळपट डाग उठला.

दिवाळी पाडव्याची सकाळ होती. संध्याकाळी माझी वाशिमची ट्रॅव्हल्स होती. बॅग खोलीवर भरून ठेवलेली. दुसऱ्या दिवशी भाऊबीज, आणि शारदा, माझी धाकटी बहीण, ताट सजवून बसणार होती. हा डाग आपल्याला दिसलाच नसता तर बरं झालं असतं, असं मला त्या क्षणी वाटलं.

एका डागाचं एवढं काय, ते कळायला थोडं मागून सांगावं लागेल.

माझी शाळा नववीतच सुटली. गावातला एक जण कोल्हापूरच्या एमआयडीसीत होता, त्याच्याबरोबर इकडं आलो. तो वर्षात परत गेला, मी राहिलो. आमची फाउंड्री म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायचा कारखाना. मला फेटलिंगला घेतलं. ओतून थंड झालेल्या मालाला जे कंगोरे राहतात, ते ग्राइंडरनं घासून काढायचे. दिवसभर धूळ आणि कानठळ्या. त्या कामाला मी नावं ठेवणार नाही, त्यानंच मला इथं उभं केलं. पण माझा डोळा मेल्टिंगवर होता. मेल्टिंग म्हणजे भट्टी. भट्टी चालवता आली की माणूस कुठल्याही गावात उपाशी राहत नाही, हे मला एवढ्या दिवसांत कळलं होतं.

आमच्या भट्टीचे सर्वेसर्वा म्हणजे दत्तू मिस्त्री. मूळचे कुरुंदवाडचे, राहायला मंगळवार पेठेत. बोलणं असं की नव्या माणसाला वाटावं, भांडण लागलंय. दिवाळीच्या तोंडावर ते फेटलिंगमध्ये आले आणि ग्राइंडरच्या आवाजावर ओरडले,

"पावणं, दिवाळीला गावाकडं पळणार न्हवं?"

"हो मिस्त्री."

"पळ की. न्हाय, म्हटलं ह्या सुट्टीत लायनिंग हाय. माझा हेल्पर लगीन ठरवायला गेलाय. शिकणार असशील तर थांब. मालकास्नी मी सांगतो."

"मला जमेल?"

"जमंल का नाही ते मी बघतो. थांबणार काय, तेवढं तू सांग."

मी आईला फोन केला. पाडव्यापर्यंत थांबतो, भाऊबीजेला पोचतो, म्हटलं काम शिकायला मिळतंय. आई म्हणाली, "नववीत शिक शिक म्हणत होती मी, तवा नाही शिकला. आता दिवाळीत शिकतो म्हणते बाप्पा!" मागून शारदा हसल्याचा आवाज आला. म्हणजे परवानगी मिळाली.

आता लायनिंग म्हणजे काय ते सांगतो. आमची भट्टी विजेवर चालते. बाहेरून तांब्याच्या नळीचं जाड वेटोळं असतं. त्यातून वीज जाते, आणि ते जळू नये म्हणून नळीच्या आतून पाणी फिरत असतं. वेटोळ्याच्या आतल्या बाजूला वितळलेलं लोखंड. म्हणजे इकडं पाणी, तिकडं लाल रस. दोघांच्या मध्ये एका पांढऱ्या भुकटीची भिंत, ते लायनिंग. लोखंड वितळवून वितळवून ही भिंत झिजते. मग ती फोडून नवी भरायची. मध्ये पत्र्याचं पिंप उभं करायचं, त्याला फॉर्मर म्हणतात. पिंप आणि वेटोळं यांच्यामधल्या फटीत कोरडी भुकटी ओतायची आणि ठोकून बसवायची. पहिल्यांदा भट्टी पेटवताना ती दमादमानं भाजतात, तेव्हा कुठं तिचा दगड होतो. तोवर ते नुसतं दाबून बसवलेलं पीठ.

या पिठाला पाणी चालत नाही. ओली भुकटी भाजली की तिथं वाफ होते, तडा जातो. तड्यातून लाल रस वेटोळ्यापर्यंत गेला, तर पुढं काय होतं ते फाउंड्रीतली माणसं हळू आवाजातच सांगतात.

सुट्टी लागली. एवढा मोठा कारखाना गप्प झालेला मी पहिल्यांदा बघितला. भट्टी गार पडली होती. एरवी जिच्या जवळून जाताना तोंड फिरवायचो, तिच्या आत मी शिडी लावून उतरलो. जुनं लायनिंग फोडताना मिस्त्री वरून दाखवत होते. "ही बघ, इथं खाल्लंय. इथं पातळ झालंय. का झालंय सांग." मला सांगता येत नव्हतं. ते चिडत नव्हते. त्यांच्याजवळ वेळ होता. कामाच्या दिवसात हा माणूस पाणी प्यायला थांबत नाही, आणि इथं मला एकेक गोष्ट दोनदोनदा सांगत होता.

नवी भुकटी भरायला लागलो. लोखंडी काट्यानं टोचून आतली हवा काढायची असते. मी जोरात टोचायला लागलो तसे ओरडले, "दमानं! ऊस तोडायला आलास काय? हवा राहिली की भोक राहिलं. भोक राहिलं की लोखंड बाहेर, अन् आपण वर." आणि बोट आभाळाकडं केलं.

मधल्या एका पहाटे त्यांनी मला घरी आंघोळीला बोलावलं. पहिली आंघोळ. मामींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, माझ्या हातावर तेल ओतलं, उटणं दिलं. मी संकोचलो तर म्हणाल्या, "लाजतंयस काय? सणाला पोरगं खोलीत एकटं कशापायी?" मी टॉवेलनं तोंड जरा जास्तच वेळ पुसलं.

पाडव्याच्या आधी लायनिंग काठापर्यंत भरून झालं. फटीचं वरचं तोंड बंद करायचं तेवढं बाकी होतं. ते पूजेनंतर करू आणि मग भाजायला घेऊ, असं ठरलं. भाजायला मालक आणि मिस्त्री पुरे होते. मी मोकळा.

आमच्याकडं एक रीत आहे. पाडव्याला मालकांचे वडील, आबा, भट्टीची पूजा करतात आणि नारळ तिच्या काठावरच फोडतात. शेडमध्ये एक छोटी भट्टी टाकून हा धंदा त्यांनी उभा केला, तेव्हापासूनची रीत. दरवर्षी भाजून दगड झालेलं लायनिंग असतं, पाणी पडलं काय, न पडलं काय, वाळून जातं. लायनिंग दिवाळीतच भरायचं पहिल्यांदाच आलं होतं. दोन गोष्टी एकत्र येतायत हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. मिस्त्रींच्याही नाही. माझ्या तर हातात पूजेचं ताट होतं.

आणि पाणी आत गेलं.

मिस्त्री तेवढ्यात मामींनी दिलेला फराळाचा डबा आणायला स्कूटरकडं गेले होते. मालक पेढे वाटत होते. डाग कुणीच बघितला नव्हता. माझ्या मनात आलं, भाजताना जाईल की उडून. आपण तोवर बसमध्ये असू. आबांची पूजा, मालकांचा कारखाना, आणि आपण कोण? फेटलिंगचं पोरगं. सणाच्या दिवशी अपशकुन बोललो तर मेल्टिंग राहिलं बाजूला, फेटलिंग पण जायचं.

मग दिसलं, मिस्त्री डबा घेऊन दारातून येतायत. पहिली भट्टी पेटवताना तिच्या काठाला कोण उभं राहणार, तर हेच.

मी जवळ जाऊन म्हणालो, "मिस्त्री, नारळाचं पाणी आत गेलंय."

त्यांनी डबा माझ्या हातात दिला, काठावर वाकले, डागात बोट घातलं. बोट आत गेलं, अजून आत गेलं. मग त्यांनी हाक मारली, "मालक, जरा इकडं या."

मालक बघून म्हणाले, "थोडंसं तर आहे. हीटिंगमध्ये उडून जाईल की."

"उडंल. कुठनं उडंल तेवढं सांगा, म्हंजे मी तिथं उभा ऱ्हात न्हाई."

मालकांनाही कळत होतंच. सुट्टी संपली की पहिला माल एका पार्टीला द्यायचा होता, म्हणून जीव खालीवर होत होता एवढंच. तेवढ्यात आबा काठी टेकत आले.

"काय झालंय?"

मिस्त्रींनी सांगितलं. आबांनी डागाकडं बघितलं, मग स्वतःच्या हाताकडं.

"कुणी बघितलं हे?"

"मी," मी म्हणालो.

"मग तवाच का ओरडला न्हाईस?"

"आबा, पूजा चालू होती."

"भट्टी फुटल्यावर पूजा कुणाची केली असतीस? माझी? फोटोला हार घालून?"

मालकच पहिल्यांदा हसले. मग सगळे. मला हसू येईना, पण नोकरी जात नाही एवढं कळलं.

वरचा हातभर थर काढायचं ठरलं. ओली भुकटी नुसती खरवडून चालत नाही, आजूबाजूची सैल होते, म्हणून गोल सगळा थर काढून नव्यानं ठोकायचा. एकानं ओतायचं, एकानं ठोकायचं. मिस्त्री म्हणाले, "पावणं, तुझी गाडी हाय. तू जा. मी अन् मालक करतो."

मालकांना भट्टी कळते, पण त्यांची पाठ धरलेली होती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी डबा खाली ठेवला आणि काटा उचलला. मिस्त्रींनी मला दुसऱ्यांदा जा म्हटलं नाही. त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. म्हटले असते तर कदाचित गेलो असतो.

आबा घरी गेले नाहीत. खुर्ची मागवून समोर बसून राहिले. मध्येच विचारायचे, "झालं काय रं?" मिस्त्री सांगायचे, "आबा, तुम्ही नुसतं बसा. हात लावू नका." मालकांनी पार्टीला फोन करून माल उशिरा येईल म्हणून सांगितलं. पलीकडचा चढ्या आवाजात बोलत होता. मालकांनी मोबाइल कानापासून लांब धरला.

माझी ट्रॅव्हल्स गेली तेव्हा मी भुकटीत कोपरापर्यंत पांढरा होतो. शारदाला फोन केला. ती रडेल वाटलं होतं. तिनं विचारलं, "दादा, भट्टी फुटली असती तर तू तिथं असता का?" मी नाही म्हटलं, मी तर बसमध्ये असतो. "मग कोण असतं?" मी सांगितलं, मिस्त्री, ज्यांच्या घरी पहिली आंघोळ केली. ती म्हणाली, "मग ठीक आहे."

आईनं फोन ओढून घेतला आणि सांगितलं की तुळशीच्या लग्नापर्यंत भाऊबीज चालते, उगा रडू नको. रडत तीच होती.

भाजायला घेतलं. भट्टीला एक मीटर असतो. लोखंड किंवा ओल वेटोळ्याच्या जवळ आली की त्याचा काटा हलतो. मिस्त्रींनी मला त्याच्यासमोर बसवलं. "हलला की बोंब मार. पूजा चालू असली तरी." काटा हलला नाही. पहिली हीट, म्हणजे पहिलं भट्टीभर लोखंड, साच्यात उतरली. लायनिंग पुढं नेहमी टिकतं तेवढंच टिकलं. जास्तही नाही, कमीही नाही. मिस्त्री म्हणाले, हीच शाबासकी.

मालकांनी मला मेल्टिंगला घेतलं आणि गावी जायला रजाही दिली. निघताना आबांनी एक साडी पुढं केली. "बहिणीला दे. माझ्या नारळानं तिचा भाऊ अडवला." मी नको म्हणायला लागलो तसे म्हणाले, "तुला कोण देतंय? तिला दिलीय."

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी आमची भाऊबीज झाली. शारदानं ओवाळलं, आणि पहिला प्रश्न विचारला, भट्टी कशी आहे.

आता भट्टी मी चालवतो. मिस्त्री येतात, खुर्चीवर बसतात, ओरडतात. मामींच्या हातचं उटणं मला दरवर्षी मिळतं. दिवाळीत थांबायचं का, म्हणून नवी पोरं विचारतात. मी त्यांना घरी जाऊ नका असं कधी सांगत नाही. एवढंच सांगतो की भट्टी आतून कशी असते ते ती बंद असतानाच दिसतं, आणि शिकवणाऱ्याला सवडही तेव्हाच असते.

पाडव्याची पूजा अजून होते. भट्टीला कोरडं हळदकुंकू. नारळ गेटबाहेरच्या दगडावर.