कुंपणापलीकडचं ‘ऐसा?’

नागपूरहून ताईचा फोन आला तेव्हा मी सांता क्लाराच्या ऑफिसात होतो. “बाबा गेले,” एवढंच ती म्हणाली. मला पहिल्यांदा आला तो बाबांचा राग. आमचं बोलणं अर्धवट टाकून ते गेले होते... आता तीन आठवडे झाले. राग तसाच आहे, फक्त तो माझ्यावर वळलाय.

गेल्या उन्हाळ्यात ते सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले. आई जाऊन वर्ष झालं होतं. मी दिवसभर कामावर, मुलगी घरी असली तरी उत्तरं इंग्रजीत देणार. बाबांना बोलायला सापडल्या त्या शेजारच्या सिनाआजी, मूळच्या सामोआ बेटांवरच्या. इंग्रजी दोघांचंही जेमतेम. दुपारी कुंपणाच्या दोन्ही बाजूंना खुर्च्या पडायच्या, आजी लिंबूपाणी आणायच्या. बाबा आपल्या नागपुरी हिंदीत आईचं आजारपण सांगायचे आणि आजी मध्येच विचारायच्या, “ऐसा?” बाबा मान हलवायचे, “हां, ऐसाइच.”

“बाई मन लावून ऐकते रे,” ते जेवताना म्हणायचे. “वर हिंदी समजते.”

मी सॉफ्टवेअर टेस्टर. चूक दिसली की मला राहवत नाही. एका शनिवारी पाहिलं, तर ‘ऐसा?’ विचारताना आजींच्या चिमट्यात बर्फाचा खडा. इंटरनेटवर शोधलं आणि रात्री जेवतानाच निकाल लावून टाकला. “बाबा, सामोअन भाषेत ऐसा म्हणजे बर्फ. इंग्रजी ‘आइस’वरून घेतलाय. आपल्या ‘ऐसा’शी काही रिलेशन नाही. फिनिश भाषेतही सेम शब्द आहे, त्याचा अर्थ घोडागाडीचा दांडा. बर्फ हवा का, एवढंच विचारतात त्या.”

बाबांचा भात कालवणारा हात थांबला. “ग्लासात बर्फ पडतो तो मला दिसत नाही का? कळत होतं रे. पण तू बोलून दाखवेपर्यंत चाललं होतं.”

त्यानंतर ते कुंपणाकडे फिरकले नाहीत. मी किती विनवलं, चिडलोसुद्धा. शेवटी त्यांनी तिकीट अलीकडचं करून घेतलं आणि ते परत गेले. मग कॉलिंग कार्डावरच्या फोनवर फक्त हवापाण्याच्या गप्पा. आईबद्दल ते माझ्याशी कधी बोलले नाहीत. मीही कधी विचारलं नाही.

परवा सिनाआजींनी बाबांच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं. बाबा गेले, हे मी इंग्रजीत सांगितलं. त्यांनी मला तिथेच बसायची खूण केली. पुढचं इंग्रजीत जमेना, म्हणून मराठीतच बोलत सुटलो... ते जेवण, ते फिनिश भाषेचं शहाणपण, सगळंच. आजींनी चिमटा उचलला.

“ऐसा?”

मी ग्लास पुढे केला. “हां, ऐसाइच.”