बाई वर्गात जाऊन बसतात

वैद्यकीय महाविद्यालयातल्या प्राध्यापकांना शिकवायचं कसं हे शिकवणं, हे बाईंचं काम. स्वतः डॉक्टर, पण पेशंटची नाडी बघून त्यांना कैक वर्षं झाली होती. त्यांच्या कार्यशाळेतून गेल्याशिवाय कुणाला बढती मिळत नसे, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना 'टोलनाका' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं. म्हणेनात का!

पण परवा संचालकांनी बोलावून तोंडावरच विचारलं, "बाई, तुमच्या प्रशिक्षणानं वर्गात काही फरक पडतो का? शुक्रवारी सांगा. पडत नसेल तर विभाग बंद करू."

झालं! बाईंच्या जिवाला घोर लागला. जेवताना उठून खिडकीशी जात, परत येऊन बसत, घास तसाच ताटात. नवरा वैतागून म्हणाला, "अगं, दर वेळी सगळे 'अत्युत्तम' असा शेरा देतात ना? तोच दाखव की."

"अहो, शेरा दिल्यावरच प्रमाणपत्र मिळतं! वाईट लिहायला कोणाला वेड लागलंय?"

शेवटी बाईंनी ठरवलं, आपणच जाऊन बघायचं. एवढ्या वर्षांत हे कुणालाच सुचलं नव्हतं, खुद्द बाईंनाही नाही. दुसऱ्या दिवशी न कळवता त्या मागच्या बाकावर जाऊन बसल्या. शिकवणारा तरुण प्राध्यापक त्यांचा लाडका, कार्यशाळेत सगळ्यात हुशार ठरलेला.

त्यानं पडद्यावर हृदयाचं चित्र लावलं आणि जो सुटला, तो सुटलाच. पोरं पेंगतायत, एक पोरगी बाकाखाली मोबाइल चाळतेय, ह्याला पत्ताच नाही. "कळलं ना?" विचारायचा आणि उत्तराची वाट न बघता पुढे पळायचा. बाईंचा संताप मस्तकात गेला. गाढवा, पोरांना बोलू दे की जरा! हेच शिकवलं का मी तुला?

तास संपताच तो तोंडभर हसत आला. "बाई, आधी सांगायचं तरी! जमलं ना? अगदी तुमच्यासारखं शिकवतो मी."

"माझ्यासारखं?"

"मग काय! विद्यार्थ्यांना बोलतं कसं करायचं, यावर तुम्ही सकाळपासून दुपारपर्यंत एकट्या बोलता. मध्ये श्वास घेत नाही. आम्ही नुसते थक्क!"

तो टोमणा मारत नव्हता, मनापासून बोलत होता, म्हणून तर जास्त झोंबलं. बाईंना कार्यशाळेतल्या डॉक्टरांच्या खाली घातलेल्या माना आठवल्या. आजवर त्यांना वाटत होतं, किती मन लावून लिहून घेतायत! लाजेनं त्यांची कानशिलं तापली.

शुक्रवारी संचालक "बसा" म्हणाले, तरी बाई बसल्या नाहीत.

"फरक पडतो, सर. माझे लोक हुबेहूब माझ्यासारखं शिकवतात."

"अरे वा! मग पुढची तुकडी सोमवारी पाठवतो."

"नका पाठवू," बाई म्हणाल्या. "मला शिकवता येत नाही, सर."