वाघ्याची कडी

परवा सकाळी तासगावच्या घरामागचा आंबा पाडायचा होता. खोड पोखरणारी भिरूड कीड लागून झाड पार वाळलं होतं आणि शेजारच्या बेदाण्याच्या शेडवर कलत चाललं होतं... नगरपरिषदेची परवानगी हातात पडली तसा मी तानाजीला फोन केला.

तानाजी फौजेतून रिटायर होऊन आला आणि झाडं तोडायच्या धंद्यात पडला. दोर धरायला सोबत त्याचा मेव्हणा, महादेव. आमच्या भागात झाड पाडायचं तर लोक याच दोघांचं नाव सांगतात.

तानाजी गाडीतून उतरला तो हेल्मेट, तोंडावर जाळी आणि आतून जाड अस्तराची केशरी पॅंट घालूनच. ऊन तापायला लागलं होतं. मला हसू आलं. म्हणालो, "तानाजी, झाड पाडायचंय, लढाईला नाही जायचं."

"काका, लढाईत निदान समोरचा दिसतोय," तो म्हणाला.

मग कट्ट्यावर मांडीवर करवतीचं मशीन घेऊन बसला आणि गोल कानशीनं चेनचा एकेक दात घासायला लागला. मी दोनदा घड्याळ बघितलं. "अजून किती वेळ?"

महादेवनं दोर सोडवता सोडवता उत्तर दिलं, "बोथट वस्तऱ्यानं दाढी केलीया का कवा, काका?"

या दोघांची एक पद्धत आहे. आधी झाडाला हळद-कुंकू. मग घरातल्या कुणाला तरी खोडावर हात ठेवायला लावतात आणि विचारतात. तानाजीनं मला बोलावलं. "ठेवा हात. झाडात लोखंड हाय का? खिळा, तार, आकडा, काय बी?"

माझ्या एका कानाला फोन होता. दुसरा हात खोडावर टेकवला आणि म्हणालो, "काही नाही. घरचं झाड आहे, मला माहीत नसेल होय?"

मशीन सुरू झालं. भुसा उडायला लागला. चेन लोण्यातून जावी तशी आत चालली होती... आणि एकदम खण्णकन आवाज झाला. ठिणगी उडाली, चेन तुटली आणि चाबकासारखी मागे येऊन तानाजीच्या मांडीवर बसली.

तानाजी खाली बसला. मशीन बंद पडलं. आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघावं?

"चेन जुनी होती का रे?"

लागलं का, नाही. पाणी आणू का, नाही. चेन जुनी होती का... हे लिहितानासुद्धा कान तापतायत.

महादेव दोर टाकून धावला. पॅंट फाटली होती, आतल्या अस्तराचे पांढरे दोरे लोंबत होते. त्यानं हात घालून मांडी चाचपली. "रगत न्हाई," म्हणाला, आणि मग माझ्याकडे वळून, "नवी कोरी चेन हाय, काका. बिल दावू?"

"गप रं," तानाजी म्हणाला. तोंड पांढरं पडलं होतं त्याचं. थोड्या वेळानं उठला, छिन्नी घेतली आणि कापल्या जागेशेजारचं लाकूड फोडायला लागला. सालीच्या खूप आतून एक जाड लोखंडी कडी निघाली. एका बाजूला चेनचा ताजा, चकचकीत ओरखडा.

आवाज ऐकून बायको बाहेर आली होती. तिनं कडी हातात घेतली, उलटीपालटी केली. "अहो, ही तर आपल्या वाघ्याची! तुम्हीच नव्हती का बसवली? तेव्हा सगळ्या गल्लीला दाखवलीत, हत्ती बांधला तरी निघायची नाही म्हणून."

वाघ्या आमचा कुत्रा. जाऊन बरीच वर्षं झाली. कडी मीच बसवली होती, आत पहार घालून पिळून पिळून. झाडानं ती हळूहळू गिळली आणि मी पण. परवा माझा हात होता तो तिच्या वीतभर वर...

माझं आयुष्य पेपरच्या डेस्कवर गेलं. कुणी बातमी आणली की माझा पहिला प्रश्न, "खात्री केलीस का?" पोरं वैतागायची. परवा एका माणसानं स्वतःचा पाय माझ्या शब्दावर पुढे ठेवला आणि मी फोनवरच्या माणसाला थांब म्हणालो नाही.

माफी मागितली. तानाजी म्हणाला, "जाऊ द्या." महादेव तुटलेली चेन गोळा करायला लागला. मी म्हटलं, निदान पॅंट तरी शिवून देतो. त्यावर मात्र तानाजी हसला. "ही शिवायची नसती काका. एकदा उपयोगी पडली की टाकायची. तिचं काम झालं." भरपाई काय ती करीनच. पण सकाळी ज्या पॅंटीला हसलो होतो, ती कचऱ्याच्या पोत्यात जाताना बघवेना.

ती पॅंट नाही तर मशीनला हात लावायचा नाही, हा त्याचा नियम. म्हणून काल दुसरी घालून आला. दुसरी चेन चढवली, उरलेला आंबा व्यवस्थित पाडला, शेडचा पत्रासुद्धा हलला नाही. मग कुंपणालगतची वाळकी निलगिरी. हळद-कुंकू झालं. मला वाटलं, आता हा मला काही विचारणार नाही. पण त्यानं बोलावलंच.

"ठेवा हात, काका. लोखंड?"

फोन घरात ठेवून आलो होतो. खोडाभोवती फिरलो, खालपासून हात पुरेल तिथवर साल चाचपली. 'नाही' जिभेवर आलं होतं... गिळलं. म्हणालो, "माहीत नाही रे."

"हां," तानाजी म्हणाला. "आता कसं!"

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून बायकोचा आवाज आला. "कपड्यांच्या तारेचा खिळा आहे बघा, विहिरीच्या अंगाला."

महादेवनं कपाळावर हात मारला. "दाजी, इथनं म्होरं आधी काकूंस्नी इचारत जाऊ."

खिळा निघाला. निलगिरी पडली. दोघं धडधाकट घरी गेले, ही त्या केशरी पॅंटीची कृपा, माझी नाही. कडी माझ्या टेबलावर आहे, फोन ठेवायच्या जागेवर.