रस्त्यापलीकडून केलेलं बाळंतपण

साठच्या दशकात बदली होऊन आम्ही सिल्वासाला आलो. तिथल्या आमली भागात बिऱ्हाड मिळालं आणि समोर, रस्त्यापलीकडे, एक गुजराती शेजारीण मिळाली. मी तिला बेन म्हणायची, ती मला बेन म्हणायची. तिच्या गोठ्यात चार म्हशी होत्या आणि आमच्या अख्ख्या आळीचा चहा त्यांच्या जिवावर चालायचा. तिच्याच नादाने मी गाय घेतली. मी शाळेत बाई, यजमान कचेरीत कारकून. धार कशी काढतात ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. बेनने शिकवलं, आणि शिकवताना ती इतकी हसली की मी चरवी आपटून घरात निघून गेले होते.

गाय गाभण राहिली. दिवस भरत आले आणि नेमका तेव्हाच बेनच्या म्हशीला खरवा झाला. आपल्याकडे त्याला लाळ्या-खुरकूत म्हणतात. तोंडातून लाळेच्या तारा, जिभेवर फोड, खुरांत जखमा. बिचारी सारखी पाय झटकायची. पाठोपाठ बाकीच्यांनाही तो लागला. हंडाभर दूध तांब्यावर आलं आणि आळी कोरा चहा प्यायला लागली.

आमच्या आळीत एक रीत होती. आजारी माणसाला भेटायला जातात तसं आजारी जनावरालाही भेटायला जायचं. बायका भाकरी-गूळ घेऊन बेनच्या गोठ्यात जायच्या, म्हशीला गळ्याखाली खाजवून धीर द्यायच्या आणि त्याच हातांनी घरी जाऊन आपापल्या गुरांना चारा घालायच्या. असा प्रेमाप्रेमाने रोग घरोघर पोचला. गुरांच्या डॉक्टरांनी हे ऐकून कपाळाला हात लावला.

"हा विषाणू डोळ्यांना दिसत नाही, पण हातांवरून, पायांवरून, बादलीवरून फिरतो," ते म्हणाले. "मोठं जनावर बहुधा तगतं. नुकतं जन्मलेलं वासरू मात्र हातचं जाईल. बाई, तुमच्या गोठ्यात कुणाला येऊ देऊ नका. समोरच्या बेनना तर मुळीच नाही."

झालं! जिच्या भरवशावर गाय घेतली तिलाच दार बंद करायचं. मी फाटकाशी घरच्यांना पाय बुडवायला धुण्याच्या सोड्याच्या पाण्याचं घमेलं ठेवलं आणि खराटा घेऊन उभी राहिले. माझ्या तोंडाला आळी आधीपासूनच वचकून होती, त्यामुळे इतरांचं काही वाटलं नाही. बेनला सांगायचं मात्र जिवावर आलं. शेवटी फाटकातूनच ओरडून सांगितलं. ती पाठ फिरवून आत गेली. मला रडूच आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर बेनने आपली खाट रस्त्याच्या कडेला, तिच्या बाजूला, आणून टाकलेली. "तुम्ही त्यां, मी अहीं, इकडूनच सांगेन!" ती तिथून ओरडली. "गाय बराबर खाते ना?"

मग रोज हेच. आणि एका रविवारी भर दुपारी गायीला कळा सुरू झाल्या. डॉक्टर दूर खानवेल गावाकडे गेलेले. बेन खाटेवर उभी राहिली.

"पाय दिसला? आगला के पाछला?"

"मला काय कळतंय!"

"खुराचा तळवा वर हाय के खाली?"

"खाली!"

"मग आगला. खेंचशो नहीं! गायने जोर करवा दो! भाई, तुम्ही बाजूला व्हा!"

यजमान मुकाट्याने बाजूला झाले. कचेरीत साहेबाचंही ते इतकं ऐकत नसत. थोड्या वेळाने कालवड बाहेर आली. "नाक पुसा! गवताने घासा, जोरात!" कालवड शिंकली आणि रस्त्यावर जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. बेन खाटेवर बसून पदराने डोळे पुसत होती. दुसऱ्या दिवशी खरवसाची वाटी मी रस्त्याच्या मधोमध ठेवून मागे फिरले, तेव्हा ती पुढे आली.

पुढे साथ ओसरली. बेनच्या म्हशी उठल्या, पण त्या वेतात दूध काही पूर्वीसारखं चढलं नाही. डॉक्टरांनी परवानगी दिली त्या दिवशी ती न्हाऊन, धुतलेली साडी नेसून, घमेल्यात पाय बुडवून आमच्या फाटकात आली. कालवड कोपऱ्यात होती. माझ्या हाकेला ती कधी मान वळवायची नाही.

"आव, बेटा," बेन म्हणाली.

कालवडीने कान टवकारले आणि धावत थेट तिच्यापाशी गेली. जन्मल्यापासून रोज रस्त्यापलीकडून तोच आवाज तिच्या कानांवर पडत आला होता.

"शेण काढणारी मी, आणि ही बघा!" मी फणकारले. बेनचं लक्षच नव्हतं. तिने दोन्ही हात कालवडीच्या गळ्यात टाकले होते, आणि आता तिला अडवायचं काही कारण नव्हतं.