नंदलालच्या आवाजाची डिस्क

अड्याळच्या कुंदनला कोणी विचारलं, तू करतोस काय, तर तो "कंप्युटरचं" म्हणून मोकळा व्हायचा. त्याने दूरच्या एका कंपनीचा सर्व्हर भाड्याने घेतला होता आणि पंधरा-वीस दुकानदारांच्या वेबसाइट त्यावर चालवत होता. बॅकअप ठेवा, बॅकअप ठेवा, असं त्यांना सांगून सांगून त्याचं तोंड दुखायचं. स्वतःच्या बाबतीत मात्र दिव्याखाली अंधार.

कारण त्याच सर्व्हरच्या एका डिस्कवर त्याचा बाप होता. नंदलाल करवती काठाच्या टसर साड्या विणायचा. नक्षी कागदावर कधी नव्हती, धाग्यांचा सगळा हिशेब तोंडात: "दोन उचल, एक सोड, तीन उचल." शेवटच्या वर्षी कुंदनने ते सगळं रेकॉर्ड केलं. चाळीस फायली झाल्या. फोन भरला म्हणून सर्व्हरवर चढवल्या आणि फोनमधून पुसून टाकल्या. दिवाळीनंतर नंदलाल गेला. कुंदन रडला नाही, तेराव्यालाही नाही. लोक म्हणाले, पोरगा धीराचा आहे. धीर कसला डोंबलाचा! आत काही हललंच नव्हतं.

पुढे डिस्क भरली. कुंदनने कंपनीकडून जागा वाढवून घेतली. पण अशी जागा आपोआप वापरात येत नाही. डिस्कवरची जुनी विभागणी, म्हणजे कुठून कुठवर वापरायचं ती आखणी, पुसून तिथूनच सुरू होणारी मोठी विभागणी आखावी लागते. आतला माल जागचा हलत नाही, फक्त सुरुवातीचा आकडा चुकायला नको. प्रोग्रॅमने आकडा सुचवला, दोन हजार अठ्ठेचाळीस. म्हणजे डिस्कच्या तोंडाशी थोडी जागा रिकामी. दुसरा कोणी थबकला असता. पण त्यांच्या घरात मागावर नवा ताणा, म्हणजे उभे धागे, चढवले की पहिली वीतभर जागा कोणी विणत नाही. "सुरवातीले सोडा लागते, बाबू," नंदलाल म्हणायचा. रिकामी जागा बघून कुंदनला बरंच वाटलं. त्याने एंटर दाबलं.

डिस्क उघडेना. पडद्यावर उत्तर एकच, इथे काही सापडत नाही.

त्याने कंपनीत फोन लावला. "जुना आकडा किती होता?" तिकडच्या माणसाने विचारलं.

"लिहून नाही ठेवला."

"मग त्या डिस्कवर आता काहीच लिहू नका. आधी जुनी सुरुवात शोधा."

कुंदन शोधायला बसला. बाप दुसऱ्यांदा जाऊ शकतो हे त्याला कळत होतं, वाटत मात्र काहीच नव्हतं. हात तेवढे चालत होते. शेजारी त्याची आई, गीताबाई, चरख्यावर धाग्याच्या कांड्या भरत होती.

"जेव ना बाबू. सकाळपासून काय करून राहिला?"

"बाबाचा आवाज हरवला, माय. शोधून राहिलो."

गीताबाईचा चरखा थांबला.

दुपार कलता कलता शोधणाऱ्या प्रोग्रॅमला जुन्या सुरुवातीची खूण सापडली, आकडा त्रेसष्ट. कुंदनने तो आकडा टाकून विभागणी पुन्हा आखली, डिस्क जोडली, फायली मोजल्या. चाळीसच्या चाळीस. त्याने शेवटची लावली.

"तीन उचल, एक सोड..." मग खोकला. मग लांबलचक, घरघरणारा श्वास. आणि कुंदनचाच आवाज: "पुढचं सांगा ना बाबा, रेकॉर्डिंग चालू हाय."

"बंद कर," गीताबाई म्हणाली.

"काहून, माय?"

"त्यायले दम लागून राहिला. बसू दे जरासं."

कुंदनने थांबवायचं बटण दाबलं. बाप समोर बसलेला असताना त्याने ते एकदाही दाबलं नव्हतं.