जलकुंभी

काल आमच्या सुपेला वस्तीच्या तलावातून जलकुंभी उपटली. त्या सडक्या मुळांच्या वासानं मी थेट इथला कारखाना उभा राहत होता आणि आईबाबा गाव सोडून त्याच्या कामावर आले होते, त्या दिवसांत गेलो.

जांभळ्या फुलांच्या हौसेनं कुणीतरी ती तलावात सोडली होती. बघता बघता पाणी दिसेनासं झालं, मासे मेले, पाणकोंबड्या निघून गेल्या. आई कमरेएवढ्या पाण्यात उतरून ती ओढू लागली.

“कावून जीव काढून राहिली? उद्या पुन्हा वाढते ते,” बाबा काठावरून म्हणाले.

“गावात आपल्याले तलावाले हात लावू देत नोते. इथं पाणी भेटलं, ते आता या झाडाले देऊ?”

तेव्हा मला फक्त तिच्या पदरातून निथळणारं काळं पाणी दिसलं होतं. आता गुडघे दुखतात, तरी मी उतरतो. उद्या वाढली तर वाढू दे. उद्या मीही येतोच आहे.