उंबऱ्याबाहेरचं ताट

भिमाजी गुरुजींच्या जिभेला हाड नव्हतं आणि आम्हाला त्याचंच कौतुक होतं. हे आधीच कबूल केलेलं बरं, कारण पुढे जे झालं त्यात आमचाही वाटा आहे.

आमच्या खोडदच्या बाजूला दहाव्याला दुःख कमी आणि भाषणं जास्त. नदीकाठी मांडव, लाऊडस्पीकर, आधी महाराजांचं प्रवचन, मग श्रद्धांजलीला पुढाऱ्यांची रांग. जन्मभर दुसऱ्याचा बांध कोरलेला माणूस त्या दिवशी दोन तास संत असतो. गुरुजी हायस्कुलात इंग्रजी शिकवून रिटायर झाले आणि त्यांच्याही हाती माईक आला. पण ते खोटी स्तुती करत नसत. पुण्यात रद्दीच्या दुकानात त्यांना तीन भागांचं एक जुनं इंग्रजी पुस्तक सापडलं होतं. सातशे वर्षांपूर्वीच्या कुणा ख्रिस्ती साधूचं काव्य, मेल्यावर जीव कुठे कुठे जातो त्याचं. जीवाला वाट दाखवायला विवेक नावाचा म्हातारा येतो, हातात तराजू घेऊन. जशी करणी तशी शिक्षा. बांध कोरणारा तिथे नखांनी खडक कोरत बसतो, चुगलखोराच्या तोंडात त्याचेच शब्द निखारे होऊन परत येतात. महाराजांच्या प्रवचनात पेंगणारी माणसं गुरुजी उठले की ताठ बसायची. दुसऱ्याचा नरक ऐकायला कुणाला आवडत नाही?

मग चिमाबाईचा गोरख गेला. नवरा आधीच वारलेला, हा एकुलता एक. पोरगा तीनदा पोलीसभरतीला धावला, तीनदा थोडक्यात राहिला आणि चोविसाव्या वर्षी त्यानं आपल्या हातानं जीव दिला. दहाव्याला चिमाबाई अगदी पुढे बसली होती. आज तरी गुरुजी आवरतं घेतील, असं वाटलं होतं.

"न्यायाला नातं नसतं," गुरुजींनी सुरुवात केली. "ज्यानं आपलं घर आपल्या हातानं सोडलं, तो त्या काव्यात आपल्याच घराच्या उंबऱ्याबाहेर बसलेला असतो. आतून आई जेवायला हाक मारते. त्याला ऐकू येतं. पण त्याला आत जाता येत नाही. कधीच नाही."

 कुणीतरी हे मोबाईलवर रेकॉर्ड करत होतं. कुणीतरी कशाला, मीच करत होतो. रात्रीपर्यंत ते चार गावांच्या ग्रुपवर फिरलं.

त्या संध्याकाळपासून चिमाबाईनं दार लावणं सोडलं. बिबट्याच्या मुलखात! दिवस कलला की आमच्याकडे शेळ्यांआधी माणसं आत जातात, घराला लागून ऊस आहे. ही बाई दार सताड उघडं टाकून उंबऱ्याबाहेर ताट वाढायची आणि हाक मारायची, "गोरख, जेव रं बाळा." ताट कुत्री खायची. दुसऱ्या महिन्यात बिबट्यानं पडवीतली शेळी नेली. वनखात्याची माणसं येऊन रागावून गेली. दार उघडंच राहिलं.

गुरुजींची बायको कुशाबाई रोज संध्याकाळी तिच्या सोबतीला जाऊन बसायची आणि घरी आली की नवऱ्यापुढे पदर पसरायची. "अवं, येकदा जाऊन सांगा तिला, आसं काय नसतं म्हून."

"लिहिलंय ते लिहिलंय. मी का मनचं बोललो?"

"समदं वाचलंय का तुमी?"

"पहिल्या भागात सगळं आलं. पुढे नुसती भक्ती आहे. ती आपल्याकडे कमी आहे का?"

तीन वर्षं तिनं हेच विचारलं आणि तीन वर्षं त्यांनी हेच सांगितलं. इतका शिकलेला माणूस आणि इतका हट्टी! मला आजही त्यांचा राग येतो.

गेल्या मार्गशीर्षात कुशाबाई हृदयविकारानं गेली. तिच्या दहाव्याला गुरुजींनी माईक हातात घेतला आणि तसाच परत दिला. त्या काव्यात तिला कुठे बसवावं, हे त्यांना सुचेना. घरी येऊन त्यांनी उरलेले दोन भाग काढले. तिसऱ्याची कडेला जोडलेली पानं कुणी कापलेलीसुद्धा नव्हती, ती भाजीच्या सुरीनं कापत ते वाचत गेले. शोधत होते कुशाबाईला आणि सापडला गोरख.

तिसऱ्या दिवशी दुपार कलताना ते माझ्या दारात आले. पुस्तक छातीशी धरलेलं. "चल माझ्याबरोबर," म्हणाले. "एकट्यानं जायचं धाडस होत नाही."

चिमाबाई ताट वाढत होती. गुरुजी उभ्यानंच सांगत सुटले. तिसऱ्या भागात तराजूवाला म्हातारा स्वर्गाच्या वेशीवर थांबतो, त्याला पुढे वाट ठाऊक नाही. तिथून देवाचं प्रेम पुढे होतं. ते सगळ्यांत आधी उंबऱ्याबाहेरच्यांकडे जातं आणि म्हणतं, ज्याच्यासाठी घरात अजून कुणी ताट वाढतं, त्यानं आत यावं. म्हातारा विचारतो, मग न्यायाचं काय? प्रेम म्हणतं, न्यायही माझाच, आणि तो आता पुरा झाला.

चिमाबाईनं सगळं ऐकून घेतलं. "ह्ये त्याच बुकात हाय?"

"त्याच."

"तवाबी व्हतं?"

"होतं."

"मग?"

"मी वाचलं नव्हतं, वहिनी. मला माफ करा."

तिनं वाकून ताट उचललं आणि उंबऱ्याशेजारच्या मोकळ्या जागेकडे बघत म्हणाली, "ऊठ बाळा, चल घरात. लई दिस बसलास." कुणी आत जातंय अशी वाट देऊन ती बाजूला सरली. मला रडू फुटलं. गुरुजींनीही पाय पुढे टाकला.

"तुमी न्हाई," ती म्हणाली.

तीन वर्षांत पहिल्यांदा ते दार लागलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला, मग तिचा आवाज आला, "जेव, सावकाश जेव."

गुरुजी तिथेच खाली बसले. "उठा, बिबट्याची वेळ झाली," मी म्हणालो, दंडाला धरून ओढलं. ते हलले नाहीत. कुणीतरी जेवायला बोलवायची वाट बघत असल्यासारखे बंद दाराकडे बघत राहिले. त्यांना हाक मारणारी तेरा दिवसांपूर्वीच गेली होती.